वंडरलात एक दिवस: बेळगावातून जाणाऱ्यांसाठी नेमकी माहिती हवी आहे

अनगोळची_वैनी
दसऱ्याच्या सुट्टीत मुलांना थीम पार्क दाखवायचं ठरलंय. आम्ही अकरा जण आहोत. पाच मोठे, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू) आणि पाच मुलं, वयं ४, ७, ९, १२, १४. घरात दोन तट पडलेत, काहींना खोपोलीजवळचं इमॅजिका हवंय तर काहींना बेंगळुरूचं वंडरला. कुठं जावं, कोणत्या दिवशी जावं, आत गेल्यावर आधी काय आणि नंतर काय करावं, कपडे आणि जेवणाचं कसं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. ‘मजा येते, जावा’ एवढं नको, बारकावे पाहिजेत.

रेल्वेगेट_टिळकवाडी
वैनी, अकरा जणांत लहान मुलं आणि वयस्कर माणूस असेल तर वंडरला सोयीचं पडतंय. कारण प्रवासाचं आहे, पार्कचं नाही. बेळगावाहून बेंगळुरूला रात्रभराची थेट गाडी आहे: राणी चन्नम्मा एक्सप्रेस, शिवाय बेळगाव–बेंगळुरू सुपरफास्ट. झोपून जायचं, सकाळी उतरायचं. इमॅजिका खालापूर तालुक्यात, खोपोली–पाली रस्त्यावर. बेळगावाहून चारशे किलोमीटरच्या थोडं वर. पुण्यापर्यंत रेल्वे मिळते, पण पुढं गाडी ठरवावीच लागते. स्वतःचं किंवा भाड्याचं वाहन असेल आणि लोणावळ्यात आदल्या रात्री मुक्काम करणार असाल तरच तिकडचा विचार करा.

बेंगळुरूची वाट अशी. वंडरला मैसूर रस्त्यावर, बिडदीच्या अलीकडं, शहरापासून साधारण २८ किलोमीटर. केएसआर स्थानकात उतरलात की समोरच मेट्रो. जांभळ्या मार्गानं शेवटच्या चल्लघट्ट स्थानकापर्यंत जायचं (ऑक्टोबर २०२३ पासून मेट्रो तिथंवर जाते), तिथून पुढं टॅक्सी. रिक्षा केलीत तर ती सर्व्हिस रोडनं जाते, कारण नव्या बेंगळुरू–मैसूर एक्सप्रेस वेच्या मुख्य मार्गिकेवर रिक्षा आणि दुचाकींना ऑगस्ट २०२३ पासून बंदी आहे. स्थानकासमोरच्या मॅजेस्टिक बसस्थानकाहून बीएमटीसीच्या (बेंगळुरूच्या शहर बससेवेच्या) बसही जातात.

बायकांनी आधारकार्ड बरोबर घ्यावं. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्यांतर्गत साध्या आणि एक्सप्रेस बसला तिकीट नाही, बीएमटीसीच्या साध्या बसलाही नाही. एसी, स्लीपर आणि आंतरराज्य गाड्यांना ती सवलत चालत नाही. कार्डावरचा पत्ता मात्र कर्नाटकातला पाहिजे. निपाणी, खानापूर, बेळगावकडच्यांचा प्रश्नच नाही, पण चंदगड किंवा कोल्हापूरहून पाहुणी येणार असेल तर तिचं तिकीट काढावं लागेल.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. दसऱ्याच्या तारखांना अकरा बर्थ एका डब्यात हवे असतील तर त्याच दिवशी काढा. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणून दोन तिकिटं होतील. दोन्हींत मोठी माणसं विभागून घाला.

निपाणीकर
दिवस निवडताना लोक फक्त शनिवार-रविवार टाळतात. तेवढ्यानं भागत नाही.

दसऱ्याच्या आठवड्यात दोन गोष्टी आडव्या येतात. आयुधपूजा आणि विजयादशमीला सरकारी सुट्टी, त्यामुळं अख्खं बेंगळुरू बाहेर पडलेलं असतं. आणि पार्क नेमकं मैसूरच्या रस्त्यावर आहे. मैसूरचा दसरा बघायला निघालेली सगळी वाहनं त्याच रस्त्यानं जातात. म्हणून सुट्टी लागल्या लागल्या, आयुधपूजेच्या चार-पाच दिवस आधीचा मंगळवार किंवा बुधवार धरा.

नोव्हेंबर ते जानेवारीत आठवड्यातले दिवससुद्धा रिकामे नसतात, कारण शाळांच्या सहली. पंधरा-वीस बस एकदम लागतात आणि पाण्याच्या घसरगुंड्यांवर गणवेशातली रांग दिसते. सगळ्यात मोकळा काळ जूनचा शेवट ते जुलै, शाळा सुरू झाल्यावर. त्या दिवसांत बेंगळुरूला पाऊस भुरभुरतो, धो धो पडत नाही. इमॅजिकाला मात्र तेव्हा जाऊ नका. खोपोलीचा पाऊस घाटाखालचा पाऊस आहे, उंच राइड तासन्‌तास बंद राहू शकतात. बेंगळुरूचा जोराचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, तोही जास्त करून दुपारनंतर गडगडाटासह. म्हणजे तुमच्या दिवसांत पाऊस येऊ शकतो हे धरूनच क्रम लावा. वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड आणि तलाव दोन्ही थांबवतात. तेव्हा छताखालचे खेळ शिल्लक असले पाहिजेत.

उद्यमबाग_फिटर
आता आतल्या दिवसाचं. मुख्य गोष्ट एकच: कोणती राइड तासाला किती माणसं खेचते हे ओळखा आणि त्यावर क्रम ठरवा. नकाशातल्या क्रमानं फिरणाऱ्यांचा अर्धा दिवस रांगेत जातो.

हिशोब सोपा आहे. रांगेत उभं राहायच्या आधी दोन मिनिटं बाजूला थांबून बघा. एका फेरीत किती जण बसतात आणि एक फेरी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंत किती मिनिटं जातात? १६ जण आणि ४ मिनिटं असतील तर मिनिटाला ४ माणसं सरकतात. पुढं १०० माणसं दिसली की २५ मिनिटं. २४ जण आणि ३ मिनिटं असतील तर मिनिटाला ८, म्हणजे तीच १०० माणसं साडेबारा मिनिटांत संपतात. रांग दिसायला सारखीच, वेळ दुप्पट. फास्टट्रॅकवाले (जास्त पैसे भरून रांग टाळणारे) मधून येतात, म्हणून गर्दीच्या दिवशी आलेल्या आकड्याची दीडपट धरा.

कमी माणसं घेणाऱ्या राइड सकाळी पहिल्या दीड तासात संपवायच्या. उंच मनोरे, गोल फिरवणाऱ्या मोठ्या पाळण्यांपैकी कमी जागांचे, आणि रिकॉइल. रिकॉइल ही उलटसुलट रोलर कोस्टर आहे. गाडी मागं खेचून उंचावर नेतात आणि सोडतात, ती लूपमधून पुढच्या चढावर जाते आणि तीच वाट उलटी येते. रुळावर गाडी एकच. ती परत येऊन लोक उतरल्याशिवाय दुसरी फेरी सुटतच नाही, म्हणून तिथली रांग दुपारी फुगते. याउलट लाटांचा तलाव, लेझी रिव्हर, थ्रीडी खेळ यांत एका वेळी खूप माणसं मावतात. ते भर गर्दीतले खेळ.

गेट उघडलं की बहुतेक लोक पहिल्या दिसेल त्या राइडला भिडतात. तुम्ही सरळ लांबच्या टोकाला जा आणि उलट या.

मशिनबद्दल थोडं, कारण भीती बहुतेक वेळा न कळल्यानं असते. रोलर कोस्टर मधेच थांबली म्हणजे बिघडली असं नाही. जिथं एकापेक्षा जास्त गाड्या धावतात तिथं रुळाचे टप्पे पाडलेले असतात, पुढच्या टप्प्यात गाडी असेपर्यंत मागची आपोआप रोखली जाते. रेल्वेच्या सिग्नलचंच तत्त्व. एखाद्या सेन्सरनं चुकीची खूण दिली तरी यंत्रणा थांबण्याच्याच बाजूला झुकते. उंचावरून खाली सोडणाऱ्या बऱ्याच मनोऱ्यांना कायमच्या चुंबकांचे ब्रेक असतात. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चुंबकांमधून वेगानं जाताना तिच्यात प्रवाह तयार होतो आणि तोच तिला अडवतो. वीज गेली तरी तो ब्रेक लागतो.

जागा निवडायची असेल तर पुढच्या रांगेत नजारा जास्त, मागच्या रांगेत उसळी जास्त. माथा ओलांडताना पुढचे डबे आधीच उतरणीला लागलेले असतात आणि मागच्यांना ओढून नेतात. पहिल्यांदा बसणाऱ्यांनी मधली रांग घ्यावी.

फिजिओ_हिंदवाडी
फिटरदादांच्या क्रमात शरीराचा क्रमही घालते.

पोट आणि कान. चक्कर येते कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा एक सांगते आणि डोळे दुसरंच. गोल फिरणाऱ्या राइड एकापाठोपाठ घेऊ नका. एक फिरणारी, मग एक सरळ किंवा वर-खाली जाणारी, मग बसून बघायचा खेळ. फिरताना डोळे मिटले की काहींची मळमळ वाढते. समोरच्या एका ठिकाणी नजर ठेवावी. सकाळी इडली, पोहे असं हलकं खाऊन तासभर जाऊ द्यावा. रिकाम्या पोटी चक्कर जास्त येते, तेलकट पुरी-वड्यावर उलटी. आलेपाक खिशात ठेवा. उलटीच्या गोळ्या झोप आणतात आणि मुलांना वजनाप्रमाणे द्याव्या लागतात, त्या डॉक्टरांना विचारूनच.

मान. खांद्यावरचा बार खाली आला की डोकं मागच्या उशीला टेकवा, हनुवटी किंचित खाली, जबडा सैल. शेजारच्याकडं वळून बघताना झटका बसला की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

सासूबाईंना बीपी आहे, त्यामुळं उंचावरून सोडणाऱ्या, लूपच्या आणि जोरात फिरणाऱ्या राइड पूर्ण वर्ज्य. गरोदर बाई, पाठीचा किंवा मानेचा मणका सरकलेला, अलीकडं ऑपरेशन झालेला, फिट येणारा, या सगळ्यांनाही तेच. गोळी नेहमीच्या वेळेलाच घ्यायची, प्रवासाच्या गडबडीत चुकवायची नाही. त्यांना बसण्यासारखं बरंच आहे. स्काय व्हील हा उंचावरचा मोठा पाळणा आहे, लिफ्टनं वर जाऊन बसायचं आणि तो संथ फिरतो. थ्रीडी खेळ आहेत, आणि लेझी रिव्हरमध्ये ट्यूबवर बसून वाहत जाता येतं. पण ट्यूबमध्ये बसता-उठताना गुडघे वाकवावे लागतात, बरोबर दोघं हवीत. पार्क सुमारे ८२ एकरांचं आहे. त्यांनी सगळ्यांच्या मागं फिरू नये. सावलीतली एक जागा ठरवा, आळीपाळीनं एक जण त्यांच्याजवळ थांबा. व्हीलचेअर मिळते का ते तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

शहापूरची_अक्का
मुलांची उंची आज घरी मोजा. अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर पाटी आडवी धरून पेन्सिलनं खूण करायची. तिकीट वयावर नसतंय, उंचीवर असतंय. ८५ सेंटीमीटरच्या खाली मोफत, ८५ ते १४० लहान मुलांचं तिकीट, १४०च्या वर मोठ्यांचं. जोरदार राइडना बहुतेक करून १४० सेंटीमीटरची अट, आणि प्रत्येक राइडशी पट्टी लावलेली असते. तुमचा बारा वर्षांचा १३८ भरला तर तो दिवसभर लहानांच्या बाजूला राहणार. हे त्याला घरीच सांगा, रांगेच्या टोकाला ऐकायला लावू नका. तिथं ऑपरेटरशी वाद घालण्यात अर्थ नाही. खांद्यावरचा बार त्या उंचीच्या अंगाला बसेल असाच केलेला असतो, बुटक्या मुलाला तो धरत नाही. जाड टाचेचे बूट घालून मुलाला बसवणारे आईबाप बघितले की जीव घाबरतोय.

चार वर्षांच्या बाळाला कुणी धरायचं यावरून भांडणं होतात. मोठ्यांची जोडी-जोडी करा. एक जोडी राइडला, दुसरी मुलांजवळ, मग अदलाबदल.

हरवण्याची तयारीपण करा. सकाळी गेटवर प्रत्येक मुलाचा फोटो काढा. पाण्यात जायच्या आधी कपडे बदलल्यावर पुन्हा एक काढा. सकाळच्या फोटोतला लाल शर्ट लॉकरमध्ये असतो आणि आपण लाल शर्टवालं पोर शोधत बसतो. मनगटावर बॉलपेननं मोबाइल नंबर लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळा. पाण्यात मोबाइल कुणाकडंच नसतो, म्हणून तो नंबर सासूबाईंजवळ बसणाऱ्याचा द्या. मुलांना खाकी किंवा पार्कच्या गणवेशातल्या माणसाकडंच जायला सांगा. मराठी शाळेतल्या लहानग्यांना एवढं कानडी पाठ करून द्या: ‘नन्न हेसरु’ (माझं नाव) आणि नाव, ‘अम्मा काणिस्तिल्ला’ (आई दिसत नाही).

अनगोळची_वैनी
अक्का, फिटरदादा, लई उपयोगी पडलं. पाण्याकडं कधी जायचं? मुलं म्हणतात गेल्या गेल्या. आणि कपडे कसले?

उद्यमबाग_फिटर
गेल्या गेल्या नको. पाण्याचा भाग कोरड्या राइडच्या नंतर उघडतो आणि पार्क बंद व्हायच्या आधी बंद होतो. दोन्ही वेळा तिकीट काढतानाच बघून घ्या, दिवसानुसार बदलतात. सकाळी कोरडं, बारा वाजता जेवण (दीडला गेलात तर जेवणाचीच रांग), मग छताखालचा एखादा खेळ, दीड-दोन ते चार पाणी, शेवटचा तासभर पुन्हा कोरडं.

निपाणीकर
इथं माझं थोडं वेगळं मत. आकाश सकाळपासून भरलेलं असेल तर पाणी उघडल्या उघडल्या जा आणि जेवण पुढं ढकला. ऑक्टोबरात दोननंतर गडगडलं तर तलाव गेला, आणि मुलांना तलावच हवा असतो. शिवाय चारनंतर बेंगळुरूच्या वाऱ्यात ओली मुलं कुडकुडतात. रेन डिस्कोमधलं (पाण्याच्या फवाऱ्याखाली गाण्यांवर नाचायची जागा) पाणी कोमट असतं, पण तिथून बाहेर आलं की जास्तच गारठा लागतो. टॉवेल दारापाशी धरून उभं राहा.

शहापूरची_अक्का
कपड्यांचा नियम कडक आहे. पाण्यात नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे. सुती टी-शर्ट, बर्मुडा, साडी, सलवार चालत नाही. सूत पाणी पिऊन जड होतंय, त्याचे तंतू आणि रंग गाळणीत जातात. चेन, धातूची बटणं, रिबीट असलेले कपडेही नाहीत. घसरगुंडीवर ओरखडे पडतात आणि मागनं येणाऱ्याची कातडी सोलते. पार्कात विकत मिळतात, पण बेळगावातच घेतले तर मापाचे बघून घेता येतात. ओलं नायलॉन मांड्यांना घासतंय, तासाभरात लाल होतंय. पाण्यात जायच्या आधी मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि काखेत व्हॅसलिन लावा. वाटेवरची फरशी तापते, रबरी चप्पल पाहिजे.

मंगळसूत्र, साखळी, जोडवी, काचेच्या बांगड्या घरी किंवा सासूबाईंच्या पिशवीत. ओढणी आणि मोकळे केस कुठल्याही फिरणाऱ्या राइडजवळ नकोत. चाक असलेल्या गाडीत तर अजिबात नकोत, ओढणी आसाला गुंडाळली की गळा आवळतो. वेणी घालून ती टॉपच्या आत खोचा.

फिजिओ_हिंदवाडी
घसरगुंडीवर उताणं झोपून घोटे एकमेकांवर, हात छातीवर. पाय फाकले तर खालच्या पाण्यात आपटताना पाणी जोरात आत घुसतं आणि खरंच इजा होते. उठायचा प्रयत्न मधे करायचा नाही. खाली पोचल्यावर लगेच बाजूला सरकायचं, मागचा माणूस येतच असतो. लाटांच्या तलावात लाटा थांबून थांबून येतात. थांबल्यावर मुलं खोल भागाकडं सरकतात आणि भोंगा वाजला की अडकतात. नऊ वर्षांखालच्यांना कमरेएवढ्या पाण्याच्या पुढं सोडू नका, आणि एक मोठा माणूस खोल बाजूला तोंड मुलांकडं करून उभा राहावा.

कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकतात. चष्म्याला मागून इलॅस्टिक दोरी. सनस्क्रीन पाण्यात जायच्या वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी, कानाच्या पाळ्या आणि पायाचे वरचे पंजे विसरायचे नाहीत. पाण्यात असलो तरी घाम जातोच, तहान कळत नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते, पेल्यात अर्धी पुडी टाकून देऊ नका. जास्त घट्ट झालं की जुलाब होतात.

रेल्वेगेट_टिळकवाडी
जेवण: बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं सोडून. दशम्या, शेंगाची चटणी, चुरमुरे गाडीसाठी. बॅगा स्थानकाच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथं बॅगेला कुलूप असेल तरच घेतात, लहान कुलपं आणि किल्ल्या बरोबर हव्यात. आत रिकामी बाटली चालते.

तिकीट ऑनलाइन काढा. आठवड्यातल्या दिवसांचा दर कमी असतो. कॉलेजवाल्यांना आणि ज्येष्ठांना सवलत मिळते, ओळखपत्र मूळ पाहिजे. फास्टट्रॅक बरंच महाग पडतं. मंगळवार-बुधवारी गेलात तर नकोच.

परतीची गाडी रात्री उशिराची धरा. संध्याकाळी मैसूर रस्ता केंगेरीपासून तुंबतो. पार्कातून निघाल्यापासून गाडी सुटेपर्यंत तीन तास हातात ठेवा. टॅक्सीनं शहरात शिरण्यापेक्षा चल्लघट्टला सोडायला सांगून मेट्रो पकडा.

निपाणीकर
सासूबाईंना एवढा प्रवास झेपणार नसेल तर त्यांच्यासाठी आणि चार वर्षांच्या बाळासाठी दुसरा दिवस वेगळा काढा. शिग्गावजवळ गोटगोडीचं उत्सव रॉक गार्डन महामार्गालगतच आहे, चित्रकार टी. बी. सोलबक्कनवर यांनी उभारलेलं, उत्तर कर्नाटकातलं खेड्याचं जीवन माणसाएवढ्या पुतळ्यांत. कोल्हापूरकडं जायचं असेल तर कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम. दोन्ही सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्यासारखी. तिथं राइडची घाई नाही, पण उन्हात चालणं आहे. दहाच्या आत पोचा.

अनगोळची_वैनी
सासूबाई म्हणतात, मी पाण्यात पाय तरी घालणारच. साडीवर जमत नाही ना?

शहापूरची_अक्का
साडीवर नाही वैनी. पण पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख मिळतोय, वर गुडघ्यापर्यंत झगा असलेला. वयस्कर बायका तोच घालतात. एक माप मोठा घ्या, ओला झाल्यावर अंगाला चिकटतोय आणि काढताना गुडघा वाकवायला त्रास होतोय. बदलायच्या खोलीत फरशी ओली असते, खुर्ची मागून घ्या आणि तुम्ही आत बरोबर राहा. ओल्या कपड्यांना दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या न्या. गाडीत बर्थखाली पाणी गळलं की शेजाऱ्यांच्या बॅगा भिजतात.